मी न केलेली बचत

पडद्यावरची निळी रेघ खाली उतरत होती आणि ती का उतरतेय हे मला कळत नव्हतं.

सोमवारची सकाळची बैठक होती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागायला अजून अवकाश होता, तरी नागपूर आत्तापासूनच भाजून निघत होतं. कस्तुरबन मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या छोट्या खोलीत मात्र गारवा होता. जनरल मॅनेजर श्रीरंग मोहरील पडद्यासमोर उभे राहून त्या रेघेवरून बोट फिरवत होते, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं. मुंबईच्या मालकांनी काल स्वतः फोन केला म्हणाले. कंपनीच्या तिन्ही मॉलमध्ये विजेच्या बचतीत आपण पहिले.

"आणि ही सगळी फुलझेले मॅडमची कमाल," ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हसले. हसता हसता मनात आकडेमोड चालू होती आणि ती जुळत नव्हती.

मी वनिता फुलझेले. इलेक्ट्रिकल इंजिनियर. आधीच्या दिवाळीत त्या मॉलमध्ये ऊर्जा व्यवस्थापक म्हणून लागले होते. मॉल वीज खातो म्हणजे किती खातो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. एखाद्या मोठ्या गावाला पुरेल एवढी वीज ती एक इमारत दिवसभरात गिळते, आणि त्यातली निम्मी नुसत्या गारव्यावर जाते. ही भूक कमी करणं हे माझं काम होतं, आणि मला ते मनापासून आवडायचं. मधल्या चौकावरच्या काचेच्या घुमटाला मी ऊन अडवणारा पातळ पडदा चिकटवून घेतला. कोणी नसेल तेव्हा सरकते जिने मंद होतील अशी सोय केली. आपल्याकडच्या जड पाण्याने थंडाव्याच्या यंत्रांच्या नळ्यांत खरपुडी धरली होती, ती काढून घेतली. मॉलचं तापमान दोन अंशांनी वाढवलं तेव्हा दागिन्यांच्या दुकानाचे मालक भांडायला आले, शालू नेसून बसणाऱ्या गिऱ्हाइकांना घाम येतो म्हणाले. त्यांच्या दुकानातले जुने तापणारे दिवे बदलून दिले, तेव्हा त्यांचं त्यांनाच गार वाटायला लागलं.

या सगळ्यामुळे रेघ खाली आली होती. ती उतरण माझी होती, तिची प्रत्येक पायरी मला ओळखू यायची. पण मार्च संपल्यावर मी नवं काहीच केलं नव्हतं. उन्हाळा चढला की मॉलची वीज वाढते, कमी होत नाही. इथे ती कमी होत होती. आणि सगळ्यात जास्त कमी होत होती शनिवार-रविवारी, जेव्हा पाय ठेवायला जागा नसायची.

बैठक उठल्यावर मी मागे थांबले. सरांना म्हटलं, एप्रिलपासूनची ही बचत माझी नाही. कुठेतरी काहीतरी बंद पडलंय, किंवा कोणीतरी बंद केलंय.

मोहरील सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. मला नोकरीवर घेताना मुंबईच्या एका साहेबाने विचारलं होतं की बाई गच्चीवरच्या टाक्यांवर चढणार का, तेव्हा हेच म्हणाले होते की चढतील, आणि तुमच्यापेक्षा लवकर चढतील. त्या वर्षी मात्र त्यांना तिन्ही मॉलचं प्रमुखपद हवं होतं, आणि ते कोणाला मिळणार ते याच रेघेवर ठरणार होतं.

त्यांनी शांतपणे लॅपटॉप मिटला.

"वनिता, बचतीला कोणी कारण विचारतं का?"

तुमचीच कामं उशिराने फळ देत असतील, असंही म्हणाले. मग खांद्यावर बॅग अडकवून निघून गेले.

मी देखभालीचे सुपरवायझर बोरकुटे यांना गाठलं. पन्नाशीचा, अबोल माणूस. मॉल उभा राहिला तेव्हापासून तिथे होता. मी विचारलं, एप्रिलमध्ये काय बंद केलं. ते हातातल्या पान्याकडे बघत राहिले.

"सरांना विचारा ना जी."

"सर म्हणतात काहीच नाही."

"मंग काहीच नाही, मॅडम."

आणि ते जिन्याने खाली गेले. त्यानंतर मी समोरून येताना दिसले की ते वाट बदलायला लागले.

माझी स्कूटी दुसऱ्या तळघरात लावलेली असायची. मॉलखाली गाड्यांसाठी दोन तळघरं होती, एकाखाली एक. संध्याकाळी निघताना तिथल्याच बाहेर पडायच्या रस्त्यावरच्या काचेच्या केबिनपाशी मी थांबायचे. तिथे कुसुमताई नेवारे बसायच्या. गाडीवाल्याकडून पावती घ्यायची, बटण दाबायचं, दांडा वर जायचा. दिवसभर तेच. मधल्या वेळात त्या क्रोशाचे रुमाल विणायच्या. एक मलाही दिला होता.

त्या महिन्यात त्यांचं विणणं थांबलं होतं. टाके चुकून राहिले म्हणाल्या. दुपारी डोकं धरतं, मळमळतं, झोप अशी येते की डोळे उघडे ठेवणं कठीण.

"घरी गेली का बरी होतो, बाई. इथं आली का पुन्हा सुरू."

मी म्हटलं, ऊन लागलं असेल, कैरीचं पन्हं नाही तर ताक घेत जा. नागपुरात मे महिन्यात कोणालाही काहीही झालं तरी आपण हेच सांगतो. तरीही वर जाऊन मी नियंत्रण कक्षातला पडदा पाहिला. तळघरांतली हवा तपासणारे सेन्सर होते, हवा बिघडली की भिंतीतले मोठे पंखे आपोआप सुरू होऊन ती बाहेर फेकत. पडद्यावर सगळं हिरवं होतं. हवा उत्तम.

त्याच आठवड्यात झाडणाऱ्या बायकांपैकी एकीने सहज सांगितलं की तळघरातली कबुतरं गेली. तुळयांवर त्यांची घरटी असायची, गाड्यांवर घाण पडायची, लोक तक्रारी करायचे. जाळ्या लावून झाल्या, फटाके वाजवून झाले, ती जात नव्हती. आता आपणहून गेली.

"उडून गेली का?" मी विचारलं.

"नाही. सुपलीत भरून नेली मी."

मोहरील सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, चला, एक कटकट मिटली. मी त्या रात्री नीट झोपले नाही. पण का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी होती. मी तरीही गेले. मॉलमध्ये उन्हाळी सेल लागला होता. बाहेर अशी झळ होती की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, आणि सगळं शहर गारव्याला मॉलमध्ये आलं होतं. काहीजण खरेदीला, बरेचसे नुसतेच. पायऱ्यांवर पोरं मांडून बसलेल्या बायका, चौकातल्या कारंज्याभोवती म्हातारी माणसं. मी कोणाला न सांगता एकेक विजेचं पॅनेल तपासत वरून खाली आले. कुठे किती वीज जाते ते प्रत्येकावर दिसतं. तिसरा मजला बरोबर. दुसरा, पहिला बरोबर. शेवटी पहिल्या तळघरात पंख्यांच्या पॅनेलपाशी पोचले.

चालणाऱ्या यंत्राचं पॅनेल कोमट लागतं, आतून गुणगुणतं. मी त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला. ते गप्प होतं. दारावरची मूठ 'ऑटो'वर होती, म्हणजे सेन्सर सांगतील तेव्हा पंखे चालणार. पण पंखे किती तास चालले ते मोजणारा काटा एप्रिलच्या सुरुवातीपासून हललेला नव्हता.

सेन्सर खांबांवर असायचे. मी खांब पाहत निघाले. प्रत्येक खांबावर चार भोकं होती आणि सेन्सरच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन, भोवती धूळ. वायर मात्र छताला धरून पुढे जात होती. ती वायर धरून मी चालत राहिले, आणि गाड्या आत येतात त्या उताराच्या तोंडाशी, जवळजवळ उघड्यावर आले. तिथे सगळे सेन्सर एका ओळीत भिंतीवर बसवलेले होते. बाहेरचा गरम वारा सरळ त्यांच्यावर येत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हते. ज्या हवेत त्यांना बसवलं होतं, ती हवा खरंच चांगली होती.

म्हणजे दीड महिना तळघरांतली हवा कोणी बाहेर काढली नव्हती. हीच ती, मी न केलेली बचत.

मी तिथे उभी असतानाच खालून हॉर्न ऐकू यायला लागले. एक, मग दोन, मग सलग.

दुसऱ्या तळघरात उतरले तर बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. सगळ्यांची इंजिनं चालू, काचा बंद, आत एसी. रांग हलत नव्हती, कारण दांडा खाली होता. आणि दांडा खाली होता, कारण केबिनमध्ये कुसुमताई काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. लांबून वाटलं डुलकी लागली. जवळ गेले तर त्यांचे गाल लालबुंद होते, तापातल्या लहान मुलासारखे, आणि हाक मारली तरी पापणी हलत नव्हती.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. माझंही डोकं जड झालं होतं आणि मला वाटत होतं उन्हामुळे.

आधी मी बटण दाबून दांडा वर केला आणि त्याखाली एक खुर्ची अडकवून ठेवली. पहिल्या गाडीत नवरा-बायको होते. नवरा चिडून उतरला, पण कुसुमताईंना बघून सरळ केबिनमध्ये शिरला. आम्ही दोघांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर घातलं. त्याच्या बायकोने काही न विचारता त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. काचा उघड्या ठेवा, सरळ दवाखान्यात न्या, वायूचा त्रास झालाय असं सांगा, एवढं मी बोलले. गाडी गेली. मागच्या गाड्यांना मी हाताने चला चला करत राहिले.

भिंतीवर आगीच्या घंटेचं लाल खोकं होतं. मी धावत तिथे गेले, मूठ उगारली.

आणि थांबले.

घंटा वाजली तर वरची सगळी माणसं पळणार. आणि पळून कुठे येणार? ज्यांच्या गाड्या खाली आहेत ते सगळे खालीच येणार. पोराबाळांना गाडीत कोंबणार आणि एकाच वेळी शेकडो इंजिनं सुरू करणार. वीज तोडली तरी तेच. वर गारवा संपला की लोक निघणार, ते इथेच. हे तळघर त्या सगळ्यांना पुरलं असतं.

मी मूठ खाली घेतली. माणसांना बाहेर काढायचं नव्हतं. त्यांना वर ठेवायचं होतं, आणि तेही घाबरू न देता.

नियंत्रण कक्षात फोन करून सांगितलं की लिफ्ट तळमजल्याच्या खाली येता कामा नयेत, जिन्यांच्या दारांवर गार्ड उभे करा, आत येणारा उतार बंद करा. मग चौकशीच्या टेबलावर आश्लेषाला फोन लावला. मॉलमधल्या सगळ्या घोषणा तिच्या आवाजात होत.

"आश्लेषा, सांग की चौकात सगळ्यांना कुल्फी फुकट आहे. आत्ता. लगेच. सांगत राहा."

तिने विचारलं, कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी. तिने क्षणभर श्वास घेतला आणि मग डोक्यावरच्या स्पीकरमधून तिचा गोड आवाज यायला लागला. मला तो खालीही ऐकू येत होता, हॉर्नच्या वर. जिन्यापाशी आलेली एक पूर्ण कुटुंबकबिल्याची फौज माझ्या डोळ्यांदेखत मागे वळली.

पंखे सुरू करायला मी पहिल्या तळघरातल्या पॅनेलकडे धावले. बोरकुट्यांना कोणी सांगितलं माहीत नाही. ते धापा टाकत उतरून आले, माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ पॅनेलपाशी गेले आणि मूठ 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर फिरवली. भिंतीतून एक घरघर उठली. पंख्यांच्या जाळ्यांतून दीड महिन्याची धूळ उडाली. सगळे पंखे सुरू झाले नाहीत, पण बरेचसे झाले.

तेवढ्यात मोहरील सरांचा फोन आला. कुल्फीचं काय वेड काढलंय म्हणून ते ओरडत होते. मी त्यांना सांगितलं की सेन्सर कुठे आहेत ते मी पाहिलंय. त्यांचं ओरडणं तिथेच तुटलं.  मग हळू आवाजात म्हणाले, "कोणाला काही बोलू नका. मी येतो."

रांग संपली, पण आम्हाला उभ्या गाड्या बघायच्या होत्या. मालक लोक खरेदीला वर जातात तेव्हा ड्रायव्हर गाडीत थांबतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मी, बोरकुटे आणि दोन गार्ड, अशा जोड्या केल्या. थोडं बघायचं, उताराच्या तोंडाशी येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा जायचं. दोन ड्रायव्हर डोकं धरून बसलेले सापडले, त्यांना चालवत बाहेर नेलं. एकजण टायरपाशी ओकत होता.

सगळ्यात शेवटच्या कोपऱ्यात, जिथे पंख्यांचा वारा नीट पोचत नव्हता, तिथे एक जुनी पांढरी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी होती. इंजिन चालू होतं. आत पांढऱ्या गणवेशातला माणूस होता. दारं आतून बंद होती. गार्डने आग विझवायच्या नळकांड्याने मागच्या दाराची काच फोडली, मी आत हात घालून दार उघडलं. आतून गार हवा माझ्या तोंडावर आली. एसी पूर्ण सोडलेला होता. त्या महिन्यात मला लागलेली ती सगळ्यात गार हवा असेल.

आम्ही त्यांना ओढत वर उतारावर आणलं. बोरकुटे त्यांच्या छातीवर दाब देत राहिले, रुग्णवाहिका येईपर्यंत, आणि आल्यावरही, तिथल्या माणसाने त्यांचा हात धरून थांबवेपर्यंत. मग ते तिथेच तापलेल्या फरशीवर बसले.

"मी हलवले, मॅडम," ते म्हणाले. "सर म्हणाले, तिथं राहिले तर शनवार-रविवार पंखे बंदच होत नाहीत. उताराजवळ लावा म्हणाले. मी लावले."

वर चौकात लोक कुल्फी खात होते. स्पीकरवर आश्लेषा अजून बोलावत होती.

पोलीस इन्स्पेक्टर आला तोवर मोहरील सर उतारावर येऊन पोचले होते. कपडे नीट, चेहरा नीट. त्यांनी पुढे होऊन सांगितलं की फार वाईट झालं, उष्माघाताने एका ड्रायव्हरला नेलं, शहरात रोज अशा केसेस होताहेत. इन्स्पेक्टरने मान हलवली. त्या दिवशी सकाळपासून त्याने तशाच दोन पाहिल्या होत्या. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, नावाने कागद तयार होत होता आणि तो उष्माघात म्हणूनच जाणार होता. त्या उन्हात ते कोणालाही खोटं वाटलं नसतं.

मी म्हटलं, "साहेब, गाडीची काच मी फोडून घेतली. आतली हवा गार होती. एसी चालू होता. गार गाडीत माणसाला उष्माघात होत नाही."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मग मला म्हणाला, गाडी दाखवा.

आम्ही उतरत असताना मोहरील सर माझ्या बाजूने चालत होते. ते रागावले नव्हते. त्यांच्या आवाजात काळजीच होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"वनिता, नीट विचार करा. या बचतीवर तुमचं नाव आहे. सगळ्या बैठकांत मी तुमचंच नाव घेतलंय."

तेव्हा मला त्या कौतुकाचा दुसरा अर्थ कळला.  उतार संपला आणि मी इन्स्पेक्टरला खांबांवरचे रिकामे चौकोन दाखवले.

मृताचं नाव दौलत कुमरे. रक्त तपासलं तेव्हा त्यात काय होतं ते निघालं. मग बाकीचं एकेक बाहेर आलं. माझी नोकरी त्याच महिन्यात गेली. कुसुमताई वाचल्या, पण पुन्हा कामावर आल्या नाहीत. बोलता बोलता शब्द हरवतात, विणायला घेतलं की सुई कुठून घालायची तेच आठवत नाही, असं त्यांची सून सांगत होती.

कुमऱ्यांची मुलगी सुलभा एका दुपारी माझ्या घरी आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ओढणीने डोकं-तोंड गुंडाळून सायकलवर आलेली. पाणी प्यायली आणि सांगायला लागली की मॉलकडून माणूस आला होता. तिला तिथेच चौकशीच्या टेबलावर नोकरी द्यायला तयार आहेत. आईने एवढंच म्हणायचं की बाबांना आधीपासून छातीचा त्रास होता. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. आई होच म्हणेल बहुतेक, ती थकली आहे.

मग तिने विचारलं, "तुम्ही काढलं ना त्यांना? त्या माणसाने आईला सांगितलं, झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नसेल. खरं आहे का?"

मला हो म्हणता आलं असतं. मी त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हो ऐकायला आलेली नव्हती.

मी तिला सांगितलं. ते सीटवर मागे रेललेले नव्हते. दाराकडे झुकलेले होते. एक हात दाराच्या आतल्या कडीत होता, बोटं तिच्यात अडकलेली, आणि मला ती एकेक करून सोडवावी लागली होती. आधी पायातलं बळ जातं. काहीतरी चुकतंय हे कळतं, पण अंग ऐकत नाही. त्यांना कळलं होतं. ते बाहेर यायला बघत होते.

  सुलभाने तोंडावर पुन्हा ओढणी बांधायला घेतली.

"हे आईला सांगू नका," ती म्हणाली. "कोर्टात सांगा."

नोकरी तिने घेतली नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. कंपनीने मोठे वकील दिले. सेन्सर हलवायला कोणी सांगितलं याचा लेखी पुरावा नव्हता, सगळं तोंडी होतं. शेवटी बोरकुट्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून स्वतःवरचा दोष कबूल केला आणि सरांचं नाव घेतलं, म्हणून प्रकरण उभं राहिलं. पुढे दोघांनाही शिक्षा झाली. मोहरील अपिलात गेले. बोरकुटे गेले नाहीत.

माझी साक्ष झाली त्या दिवशी सुलभाची आई यमुनाबाई कोर्टात आल्या होत्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी, मागच्या बाकावर. मी पिंजऱ्यातून सुलभाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. थांबवायला आता ती काही करू शकत नव्हती, आणि मीही नाही. सरकारी वकिलाने विचारलं, दार उघडलं तेव्हा मृत व्यक्ती कोणत्या स्थितीत होती. मी सगळं सांगितलं, कडी, बोटं, सगळं. सांगताना मागच्या बाकाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर आले तर व्हरांड्यात त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. सुलभा जवळ होती, तिचे डोळे लाल होते. मी काहीतरी बोलायला गेले, माफी मागावी की समजूत घालावी, मलाच ठरवता येत नव्हतं.

यमुनाबाईंनी हाताने मला थांबवलं.

"मले मालूम होतं, बाई," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणत होते झोपेत गेले. मी आयकून घेत होती. पोरगीले वाईट वाटते म्हणून बोलत नव्हती." त्यांनी पदर नीट केला. "तीस वर्सं गाडी चालवली त्यायनं. मालकाच्या गाडीत थे कधी झोपले नसते."